काचेवरचा देवीचा स्टिकर

मंगळवार, संध्याकाळ

चिंचोटीच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि समोरच्या काचेवर जीवदानी आईच्या स्टिकरखालून एक तडा सरसर पुढे आला. गॅरेजवाल्याने स्टिकर सोलला. खाली जुनीच चीर, तिच्यात काळी धूळ बसलेली.

दादाने त्याची गाडी मला विकली, तेव्हा हा स्टिकर स्वतःच्या हाताने लावला होता. "पमे, हा काढू नकोस हं कधी, आई सांभाळेल." आत्ता फोन केला, तर म्हणतो, "काचच ती, फुटायचीच!"

सख्खा भाऊ ना रे तू? परक्याने फसवलं असतं, तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आणि मी? काच पुसताना स्टिकरला ओला फडकासुद्धा लागू दिला नाही. रोज गाडी काढायच्या आधी त्या तड्याला हात जोडत होते.