काळजातली दारं आणि नवरात्राची गोळी

कोकिळे, नागपूरहून तुह्या मोठ्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद.

सांगते मी, लिहिते नात निशिगंधा. तुले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून नातू अमरच्या हाती कागद धाडला. घाबरू नको, काल दवाखान्यातून सुटली. वरण-भात खाते.

पण बाई, मी हबकलीच! डॉक्टरीणबाई म्हणते, आजी, तुमच्या काळजात करंट आहे. म्या म्हटलं, आपल्या बाभुळगावात तं करंट घडीभर टिकत नाही अन् इथं सत्तर वर्षं चालू?

मग निशूनं चित्र काढलं. काळजाले, नसांले बारीक बारीक दारं असतात. चार पाखं, मधात भोक. करंट आला की दार उघडते, कॅल्शियम आत शिरते, काळीज आवळते. आपल्या वावरातल्या मोटारीच्या ऑटोसारखं, लाईन आली की आपोआप चालू! अन् पुरेसं आत गेलं की तेच कॅल्शियम दार लोटून घेते. असा शहाणा पाहुणा तुह्या घरी आला काय कधी?

मेंदूची बहुतेक दारं वेगळ्या जातीची, ते राहू दे. आपली बीपीची गोळी नसांची दारं ओढून धरते, मंग नसा आवळत नाहीत अन् बीपी चढत नाही. अन् आपण दोघींनी तीच सोडली, नवरात्राचा उपास मोडते म्हणून! मी चौथ्या माळेले न्हाणीत पडली. तू अजून उभी कशी, देवीलेच ठाऊक. डोकं दुखते काय? खरं सांग.

अमरजवळ गोळ्या आहेत. त्याच्यासमोर एक घे. पाप लागलं तं माह्या माथी. देवीले म्या सांगून ठेवलं, उपास पुढच्या सालीही येतीन, बहीण मले एकच आहे.

तुही बाई