खालचा दोरा

प्रिय चिमणे,

तुझ्या बाळाची बातमी कळल्यापासून मी बाई हवेतच आहे. शिवणयंत्र पुसलं, तेल घातलं. सुईत दोरा ओवायला समोरच्या लॉन्ड्रीवालीला हाक मारते. ती म्हणते, आजी, आता पुरे करा. म्हटलं, पणजी होणाराय मी, पुरे कसलं? चार झबली झाली. पाचव्याला खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली ते कळलंच नाही. शिवण दिसायला झकास, जरा ओढली तर सगळी उसवून हातात. मग हे पत्र लिहायला घेतलं.

अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतचीच शाळा माझी. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि तुझी आई शेजारी असते.

तुझा मामा सहा वर्षांचा असताना तापानं गेला, असं तुम्हाला सांगितलंय. त्याचा गुडघा उगाचच सुजायचा, अंगावर निळे डाग. सासूबाई म्हणायच्या, पोरगं वांड आहे. मीही दोन धपाटे घालायचे. मग दुधाचा दात हलायला लागला. मी शिवणकामाला जायचे त्या कारखान्यातला जाड दोरा दाताला बांधला, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि दार ढकललं. तो हसला गं. कापूस दाबला, रक्त थांबलं. दुपारी परत आलं. थांबलं, परत आलं. दुखतंय म्हणाला, म्हणून माझी डोकेदुखीची गोळी अर्धी दिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला तेव्हा ओठ कागदासारखे पांढरे. संध्याकाळी गेला.

डॉक्टर भला माणूस, समजेल असं बोलला. जखम झाली की रक्तातले बारके कण धावत येऊन भोक बुजवतात. मग रक्तातलीच बाकीची द्रव्यं एकमेकांना उठवत जातात आणि वरून जाळं विणतात, तेव्हा ते पक्कं होतं. त्यातलं एक द्रव्य मामाकडे जन्मापासून कमी होतं. म्हणजे वरचा दोरा होता, खालचा नव्हता. गोळीचं मीच विचारलं. ती वरचा टाकाही सैल करते म्हणाला. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

हे आईच्या रक्तातून येतं. भोगतात बहुतेक मुलगे, पण मुलीकडूनही पुढे जाऊ शकतं. तुझी आई तेव्हा चार वर्षांची. हिला कोण करून घेणार, म्हणून सासूबाई म्हणाल्या, ताप सांगायचा. मी मान डोलावली. तुझे आजोबा तेव्हा बोटीवर नोकरीला, ते परतले तेव्हा त्यांनाही तापच सांगितला. पुढे तुझ्या आईला तू एकटीच झालीस. मुलगी. मला वाटलं, सुटलो.

काल इथल्या डॉक्टरीणबाईंना शेजारणीचं म्हणून सगळं विचारलं. त्यांनी शेजारणीचं नाव काही विचारलं नाही. आता त्या कमी द्रव्याचं इंजेक्शन असतं, मुलं शाळेत जातात, मोठी होतात, म्हणाल्या. ऐकून मला काही बरं वाटलं नाही. पण आधी कळायला हवं. तुझं रक्त तपासायला हवं. बाळंतपणात बाळाला चिमटा लावून ओढू नये, जन्मल्यावर त्याचं रक्त तपासल्याशिवाय मांडीत सुई टोचू नये. तुला सातवा लागला आणि मी झबली शिवत बसले. मामाचा दवाखान्यातला कागद सोबत घातलाय, घडीवर फाटलाय, जपून उघड. आधी तुझ्या डॉक्टरला दाखव, आजच. मग आईला. दोरा मी बांधला होता, हेही तिला सांग. माझ्यानं होणार नाही.

तुझीच, ठेवलीस तर,
आजी