मामा गेले म्हणजे गेले नाहीत

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप कडुबा मामांच्या पायांवर राजकुमारचं डोकं. मामींना नमस्कार, सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद, आणि दारातल्या गायीच्या पाठीवरून माझ्या नावानं एक हात फिरवा. डोळा कसा आहे? लाल होतो का, पाणी गळतं का, रात्री खुपतं का, हे विचारायला मी तुम्हाला फोनावर फोन केले, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन कापता. ऑपरेशनच्या डोळ्यानं माझं नाव एवढं स्पष्ट दिसतंय म्हणजे मोतीबिंदू चांगला निघाला म्हणायचा. आज आपल्या अजिंठ्याचा बासित टेलर अस्तराचं कापड न्यायला दुकानात आला, त्याच्या हाती हे पत्र देतोय. डॉक्टरांनी तुम्हाला वाचन मना केलंय, तेव्हा त्याच्याकडूनच वाचून घ्या. (बासित, सावकाश वाच. आणि कंसातलं मनात वाच, मोठ्यानं नको.)

तुम्हाला माहीतच आहे, मी हल्ली विद्यापीठात शिकतो. बारावीला उडालेला माणूस उतारवयात विद्यापीठात कसा गेला, तर शिवराजमुळं. दुकान त्याच्या हातात दिल्यापासून मी गादीवर बसलो की पोराला अडचण होते. एखाद्या बाईला मी सरळ सांगतो की ताई, हा रंग तुम्हाला शोभत नाही, आणि बाई उठून शेजारच्या दुकानात जाते. शेवटी शिवराज म्हणाला, ‘बाबा, तुमचं बोलणं लई भारी असतं, ते लिहीत जा की. बोलू नका फक्त.’ आणि त्यानं मोबाइलवरूनच माझं नाव घालून टाकलं. दर रविवारी वर्ग. नाव ‘सर्जनशील लेखन, प्रारंभिक’. शिकवायला खुलताबादच्या आमरीन मॅडम आहेत, वयानं आपल्या शिवराजएवढ्या, पण बोलायला लागल्या की मी आपोआप हाताची घडी घालतो. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘सांगू नका, दाखवा.’ मला हायसं वाटलं. कापडवाला जन्मभर दुसरं काय करतो? सगळी कपाटं खाली काढून दाखवायची आणि बाई ‘फिरून येते’ म्हणून निघून जाते. पण मॅडमचं दाखवणं निराळं. ‘माणूस दुःखी होता’ असं लिहायचं नाही, तो काय करत होता ते लिहायचं. मी म्हटलं, दुकानात बसला होता. त्या म्हणाल्या, छान, पुढे? मी म्हटलं, पुढं गिऱ्हाईक आलं, मग दुःख कसलं?

त्यानंतरच्या तासाला कळलं की गोष्ट लिहिणारा एक असतो आणि ती सांगणारा दुसराच असतो. त्याला निवेदक म्हणतात. आपल्याकडं निवेदक म्हणजे लग्नात माइक धरून ‘मामांनी वधूला घेऊन यावं’ म्हणणारा माणूस. तो हा नव्हे म्हणे. तुमच्या गोष्टीत जो ‘मी’ आहे तो तुम्ही नाही, असं मॅडम म्हणतात. मग तो कोण, आणि तो काही वेडंवाकडं बोलला तर लोक कोणाच्या घरी भांडायला येणार, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. मॅडमनी समजावलं, मी मान डोलावली, आणि घरी येईपर्यंत सगळं विसरलो.

आता भाकरीच्या प्रकरणाकडं येतो. तुम्ही ऑपरेशननंतर आमच्याकडं राहिला होतात तेव्हाच मॅडमनी घरचा अभ्यास दिला, की घरातल्या एका माणसाचं बारीक निरीक्षण करा. सत्यभामा बायको असली तरी तिचं निरीक्षण करायची माझी प्राज्ञा नाही, शिवराज घरात टिकत नाही. उरलात तुम्ही. म्हणून तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी समोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्ही भाकरी कशी चुरता, ठेचा ताटाच्या कडेला कसा ओढता, घास घेताना डोळे कसे मिटता, हे मला लिहायचं होतं. तुम्ही टोपल्यातली भाकरी उचलली की मी मान वर करून बघायचो आणि खाली घालून लिहायचो. तुमचा हात थांबला. ‘राज्या, भाकरी मोजतो व्हय रं माझ्या?’ मी म्हटलं, ‘नाय मामा, अभ्यास करतोय.’ ‘कशाचा अभ्यास? माझ्या खाण्याचा?’ आणि मी ‘व्हय’ म्हणालो. (बासित, खरंच म्हणालो. माणूस गोंधळला की त्याच्या तोंडून खरं निघतं.) तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. पाहुण्याच्या भाकरी मोजणं ही काय गोष्ट आहे हे मला कळत नाही का? पण मामा, मी मोजत नव्हतो हो. मी वर्णन करत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निघून गेलात आणि त्याच रविवारचा अभ्यास होता, ‘एक रिकामी खोली’. रिकामी खोली शोधायला मला लांब जावं लागलं नाही. जे होतं ते लिहिलं. बासितला सांगतो, हे जसंच्या तसं वाचून दाखव:

‘मामा गेले. एकादशीला पहाटे गेले. कोणाला उठवलं नाही, कोणाला त्रास दिला नाही. स्वतःच उठून आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं, आणि चहासुद्धा न घेता गेले. दारातून एवढंच म्हणाले, जातो. आता त्यांची खोली रिकामी आहे. गादीला खळगा पडलेला आहे. काळा चष्मा खिडकीत आहे. डोळ्यात टाकायचे थेंब फ्रिजमध्ये आहेत. टीव्हीचा रिमोट आता माझ्याकडं असतो, पण टीव्ही लावावासा वाटत नाही. रात्री घोरण्याचा आवाज येत नाही. घरात सगळ्यांना झोप लागते, मला लागत नाही.’

यात एक अक्षर खोटं आहे का? तुम्ही पहाटेच्या बसनं गेलात. एकादशी होती, कॅलेंडर बघा. चहा घेतला नाहीत, त्यावरून सत्यभामा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण वर्गात एक नियम आहे, आणि तिथंच घात झाला. ज्याच्या लिखाणावर चर्चा चालते त्यानं तोंड उघडायचं नाही. मजकूर काय सांगतो ते मजकुराला सांगू द्यायचं, लेखक तिथं नाहीच असं समजायचं. मॅडमनी माझा कागद मोठ्यानं वाचला. मग सुरेखाबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या वर्गात आहेत, त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, ‘एकादशीला गेले! केवढं पुण्य गाठीला असेल. आणि अंथरुणात पडून कोणाची सेवा घेतली नाही, आंघोळ करून गेले.’ मी दचकून हात वर केला. मॅडमनी खूण केली, लेखकानं बोलायचं नाही. मग मॅडम म्हणाल्या, ‘बघा, यांनी मरण हा शब्द एकदाही वापरला नाही. सांगितलं नाही, दाखवलं.’ मी पुन्हा हात वर केला. ‘सावरा, राजकुमारजी,’ मॅडम म्हणाल्या. तासभर तुमच्या स्वभावाची एवढी स्तुती झाली की मला वाटायला लागलं, हे दुसरेच कोणी मामा असावेत. (बासित, मामा दुकानात बसले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाला म्हणाले, ‘बाई, ह्या साडीचा रंग पैल्या धुण्यात जाईल बघ.’ हे वर्गातल्या कोणाला माहीत नाही.) आणि खरं सांगू का, मॅडमच्या आवाजात ते ‘जातो’ ऐकलं तेव्हा तुम्ही अजिंठ्यात बसून मला शिव्या देताय हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळ्यांनी बघितलं. मग सगळे तुमच्यासाठी उभे राहिले, डोळे मिटून, शांत. मीही उभा राहिलो. सगळे उभे असताना एकट्यानं बसून राहणं बरं दिसत नाही.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं आणि स्पष्ट म्हटलं, ‘मॅडम, मामा गेले म्हणजे गेले नाहीत.’ त्या म्हणाल्या, ‘खरं आहे. अशी माणसं जात नाहीत.’ मी म्हटलं, ‘तसं नाही, ते गावाकडं आहेत.’ तेवढ्यात सुरेखाबाई आल्या. ‘म्हणजे माती गावाकडंच झाली का?’ मी भांबावलो होतो. म्हटलं, ‘माती गावाकडंच आहे, काळी आहे, कापूस चांगला येतो.’ त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि इतरांना म्हणाल्या, यांना फार धक्का बसलाय. तिथल्या तिथं ठरलं, येत्या रविवारी सगळा वर्ग अजिंठ्याला तुमच्या घरी भेटायला येणार. जवळ आलोच तर लेणीही बघू, असंही ठरलं. दुखवट्याची टॉवेल-टोपीसुद्धा घेऊन झाली आहे. कुठून घेतली? आपल्याच दुकानातून. शिवराजनं कोण वारलं हे विचारलंसुद्धा नाही, उलट सूट दिली.

तर मामा, पत्राचं कारण हे. रविवारी तुम्ही ओट्यावर दिसू नका. सकाळीच मळ्यात जा, संध्याकाळी या. घरात राहायचंच असेल तर तुम्ही तुमचे धाकटे भाऊ आहात असं सांगा. मामींच्या कपाळावरचं कुंकू बघून सुरेखाबाई काय विचारतील आणि त्यावर मामी काय बोलतील, याचा विचार केला की मी गादीवरून उठून कपाटामागं जाऊन उभा राहतो. मामींना यातलं काही सांगायची माझी छाती नाही, ते बासित सांगेल. (बासित, अंतर ठेवून सांग.) थोरामोठ्यांना असं लिहिणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण मामांनी भाच्याचे अपराध पोटात नाही घालायचे तर कोणी घालायचे?

तुमचा भाचा,
राजकुमार

ता. क. वरची विनंती रद्द समजा. त्यापेक्षा तुम्ही शनिवारीच इकडं या. सोमवारी डोळा तपासायचा आहे, तुम्ही विसरला नसाल, रुसला आहात. काळा चष्मा इथं, थेंब इथं, डोळा तिथं. थेंब चुकले तर चालतं का हे विचारायला मी दवाखान्यात फोन केला आणि तुमची सगळी लक्षणं अंदाजानं सांगायला लागलो. पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, ‘अहो, सांगू नका, दाखवा.’ मला वाटलं हाही मॅडमच्या वर्गातला. रविवारी सकाळी वर्गाची गाडी विद्यापीठाच्या फाटकातून निघणार आहे. तिथं मी तुम्हाला घेऊन जाऊन उभा राहतो. मी काही सांगत नाही. दाखवतो.

आणखी एक. सत्यभामा म्हणते, भाकरीचं टोपलं मामांच्या हाताशी ठेवीन. मी भिंतीकडं तोंड करून जेवीन. पेन्सिल शिवराजकडं जमा केली आहे.

आणखी. लहानपणी सुट्टी संपून तुमच्या घरून निघताना मी ‘जातो’ म्हणालो होतो. तुम्ही मला दारातून परत बोलावलंत, पाटावर बसवलंत, हातावर गूळ ठेवलात, आणि ‘येतो’ म्हणायला लावून मग सोडलंत. म्हणालात, ‘राज्या, जातो म्हणू नये. जातो म्हणणारं परत येत नसतंय.’ आई गेल्यापासून मला राज्या म्हणणारं माणूस तुम्ही एकच उरलात. आणि त्या पहाटे मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो, तेव्हा तुम्ही दारातून ‘जातो’ म्हणालात. ते तसंच दारात पडून आहे, मामा. तुम्ही या, पाटावर बसा, गूळ खा, पाहिजे तितके दिवस राहा, आणि मग नीट ‘येतो’ म्हणून निघा.

शेवटचं. पत्र सत्यभामेनं वाचलं. म्हणाली, ‘एवढं रामायण लिहिलं, पण मामांची आठवण येती हे कुठं लिहिलंय?’ मी म्हटलं, मॅडम म्हणतात सांगायचं नसतं. ती म्हणाली, ‘मॅडमला म्हणावं, काही गोष्टी सांगाव्याच लागत्यात.’ म्हणून सांगतो. मामा, तुमच्याशिवाय घरात करमत नाही. (बासित, एवढा कंस मोठ्यानं वाच. हे निवेदक म्हणत नाही. मी म्हणतोय.)