संत्र्याच्या वासाचा गोंद

आदरणीय तोकुजीदादांना,

शिझुओकाहून एइसाकुचा कमरेत वाकून (डॉक्टरांनी परवानगी दिली आहे तितकंच) नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? बागेतली तोडणी उरकली असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे आणि फुमिए तुमच्यावर चिडलेली आहे. त्याचीच क्षमा मागायला हे पत्र.

गेल्या महिन्यात तुमच्या बहिणीने फोनवर तुमची खरडपट्टी काढली ("दादा, ह्यांची साखर ठाऊक असून चोरून संत्री खायला घालतोस? तुला माझा नवरा जड झालाय का?") तेव्हा मी शेजारीच मान खाली घालून बसलो होतो. आणि तुम्ही, काहीएक ठाऊक नसताना, "हो बाई, मीच दिली, दाजींचं तोंड बघवेना," म्हणून मोकळे झालात! तिने तुमची संत्र्यांची पेटी परत धाडली, तरी तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. दादा, मी डॉक्टरांच्या रोजच्या एका संत्र्यावर दुसरं खाल्लेलं नाही. तिला येत होता तो वास गोंदाचा.

येत्या बारा तारखेला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. आमच्या गल्लीतल्या किनुयोबाईंच्या खेळण्यांच्या दुकानात मला प्लास्टिकच्या सुट्या भागांची एक पेटी दिसली, घरी जोडायच्या छोट्या प्रतिकृतीची : पुढे नाक असलेली जुनी बस. जी मी डोंगरातल्या चहाच्या गावांना न्यायचो आणि फुमिए जिच्यावर कंडक्टर होती, अगदी तीच. ही जोडून बाराला तिच्यापुढे ठेवायची असं मी ठरवलं, आणि अडगळीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यामागे कारखाना थाटला.

पहिला गोंद नेहमीचा, बाटलीतला. हा नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून दोन तुकड्यांचा एकच करतो. (एकदा लागला की घटस्फोट नाही, हे किनुयोबाईंचं वाक्य.) पण त्याचा वास असा, की फुमिएने घरभर खिडक्या उघडून गॅसवाल्याला बोलावलं. तो बिचारा तासभर ओट्याखाली रांगला, चहा पिऊन आणि मुळ्याचं लोणचं खाऊन गेला. मग किनुयोबाईंनी संत्र्याच्या वासाचा गोंद काढून दिला. म्हणाल्या, "हा न्या. बायकोला पत्ता लागायचा नाही." (बाईंनी लग्न केलेलं नाही, त्यामुळे बायकांना कशाकशाचा पत्ता लागतो याची त्यांना कल्पना नाही.) तिसऱ्याच दिवशी फुमिए म्हणाली, "अहो, तोंड उघडा बघू." मग तिने तुमच्या पेटीतली संत्री मोजली. ती बरोबर भरली. म्हणजे मला बाहेरून मिळतात, आणि बाहेरून म्हणजे तुमच्याकडून! मी निर्दोष ठरायचं तर बस दाखवावी लागली असती. म्हणून मी गप्प बसलो आणि तुम्हाला सुळावर चढवलं.

हा संत्र्याचा गोंद वाळतोही आपल्या सवडीने. बारा तारीख जवळ येत चालली, म्हणून मी अक्कल चालवून बसच्या खिडक्यांना झटपट चिकटणारा गोंद लावला. पहिल्यांदा चिकटलं माझं बोट, अंगठ्याला. रात्री मी डाव्या हाताने जेवलो, तर फुमिएला वाटलं अर्धांगाचा झटका आला. ती रुग्णवाहिका बोलवायला उठली. सकाळी पाहतो तो सगळ्या काचा आतून पांढऱ्याफटक. "काचांना तो लावतात होय? वाफेनेच पांढऱ्या पडतात त्या," किनुयोबाई ओरडल्या. "सुतारकामाचा पांढरा लावा. वाळला की दिसतसुद्धा नाही." आणि एका मोडक्या पेटीतल्या काचा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. मला भरून आलं.

एवढा आटापिटा कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्या घाटात समोरून ट्रक आला की बस मागे घ्यावी लागे. मागे दरी. आरशात नुसतं धुकं. फुमिए उतरून पावसात कड्यापाशी उभी राहायची, शिट्टी फुंकायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची, आणि मी तिच्या आवाजावर चाळीस माणसांची बस मागे घ्यायचो. एकोणीस वर्षांची पोर होती ती. तिचा मी फार ऋणी आहे, दादा, आणि तिला तसं एकदाही म्हटलेलं नाही.

तुमचा अपराधी,
एइसाकु

ता. क. : खरं काम पुढेच आहे. सोबत एक वेगळा कागद जोडला आहे. बाराला सकाळी फोन करून तो तिला वाचून दाखवावा. मी त्या वेळी बाहेर फिरायला जाईन. चाळीस वर्षांत जे तोंडाने जमलं नाही ते आता आठवड्याभरात जमेलसं वाटत नाही.

ता. क. दुसरा : पत्र नेहमीप्रमाणे फुमिएकडेच टाकायला देतो आहे (टपालपेटी हल्ली कुठे असते, मला ठाऊक नाही). काळजी नको. ती दुसऱ्याचं पाकीट कधी उघडत नाही.

दादा, मी फुमिए. पाकीट मी उघडलेलं नाही. चार गोंद शिकलेल्या माणसाने ते चिकटवलंच नव्हतं. तुला नको नको ते बोलले, चुकले मी. पेटी परत पाठव. बस मी पाहिलेली नाही असंच ह्यांना वाटू दे. तो वेगळा कागद पाकिटात शोधू नकोस, तो मी ठेवून घेतला आहे. आणि बाराला फोन करू नकोस. ह्यांना मी तोंडानेच म्हणायला लावणार आहे, मग त्याला संध्याकाळ झाली तरी चालेल.