अकरावा भाग आणि पाचवा मजला

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. नेहमीचाच. विनंती विशेष अशी की हे पत्र न फाडता शेवटपर्यंत वाचावंस.

तुमच्या इमारतीची लिफ्ट मी तपासणीत बंद करून सील केली, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. दोनदा पाच मजले चढून आले. दोन्ही वेळा बेल वाजवल्यावर आतला टीव्ही मोठा झाला. तेव्हा पत्र. तसंही आपण दोघी पाहतो त्या मालिकेबद्दल पत्रातच बोलतो. फोनवर तू मी न पाहिलेल्या भागाचा शेवट सांगून मोकळी होतेस.

अकरावा भाग पाहिला. फसला आहे.

दहा भाग ही मालिका एकच प्रश्न धरून होती. बर्फाखालचं शहर चालवणारं यंत्र चुकायला लागलंय. त्याला बंद करायचं की नाही हे ठरवायला आलेल्या तपासनीस मुलीला ते सांगतं, की मला बंद व्हायची भीती वाटते. ही भीती खरी आहे, की हा शब्द ऐकला की माणसं थांबतात एवढंच ते शिकलंय? दहा भागांत कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तर मी पाहत होते. आणि अ‍ॅनिमे म्हटल्यावर नाक मुरडणारी तूसुद्धा.

अकराव्यात काय केलं? निम्मा भाग जुनीच दृश्यं पुन्हा. मग ती मुलगी रडते, यंत्राला पुन्हा मोकळं सोडायला मुख्य कळीवरचं सील स्वतःच्या हाताने तोडते, यंत्राला मिठी मारते आणि अडकलेली हवेची झडप आपोआप उघडते. मायेने झडप सुटते हे मला नवीन आहे. मूळ बिघाड कुठे गेला? दुरुस्त कुणी केला? आणि खालच्या थरात त्या हवेच्या भरवशावर झोपलेली माणसं? ही बाई ज्यांच्या जिवावर दया दाखवते, ती माणसं या भागात एका चौकटीतही नाहीत. दाखवली असती तर बघणाऱ्याला रडू आलं नसतं, घाम फुटला असता. लेखकांना ते माहीत होतं, म्हणून दाखवली नाहीत. याला मी लबाडी म्हणते.

तुझं मत कळव. आतोबांची तब्येत कशी आहे तेही.

लोभ असावा असं या वेळी मागत नाही. उत्तर असावं.

तुझी भाची


११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद. पैकी एकही मनापासून नाही.

आतोबांची तब्येत मला काय विचारतेस? मी त्यांना बाल्कनीतून बघते. समोरच्या शुश्रूषागृहात दुसऱ्या मजल्यावर त्यांची खिडकी, पाचव्यावर मी, मधे एक रस्ता आणि तुझं ते सील. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते फक्त माझ्या हातून खातात, तेही दुपारचं एकदाच. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटतात. सध्या सलाइनवर ठेवलंय, आता नाकातून नळी घालायचं म्हणताहेत. आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. बाथरूमपर्यंत मी भिंत धरून जाते, पाच जिने कुठले उतरतेय!

तुला तो भाग आवडला नाही, यात नवल ते काय. मला सगळ्यात तोच आवडला. दोनदा पाहिला. दहा भाग ती पोरगी पट्टी गिळल्यासारखी ताठ चालत होती, आता कुठे माणसात आली. सगळा जन्म मी तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. काठावर उभी राहून पाणी किती गार आहे असं विचारणारी तू एकटी. बाकीच्यांना मी सरळ ढकललं, आणि सगळी वर आली. कुणाला तरी कधीतरी उडी मारावी लागते, बाई. तुझ्या खात्यात ते शिकवत नसतील.

आणि काय म्हणालीस? ज्यांच्या जिवावर चाललंय ती माणसं त्या भागात दिसत नाहीत? लिफ्टच्या दारावर तू डकवलेला कागद मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून वर मागवून वाचला. दोर, चाक, पकड, गंज. त्यात तुझे आतोबा कुठे दिसतात गं? जे त्या मालिकेवाल्यांनी केलं तेच तू केलंस. फक्त त्यांनी निदान चित्रं चांगली काढली.

लोभ तूर्त बंद आहे. तुझ्याच भाषेत, पुढील सूचना मिळेपर्यंत.

आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. बंद दाराबाहेरूनच, पण पोचला असं समजते.

कागदाबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. त्यात आतोबा नाहीत. त्या कागदात माणसासाठी जागा नसते, आणि मी ती शोधलीही नाही. पण कागदावर जे आहे ते नीट वाच, कारण ते तुझ्याबद्दल आहे.

लिफ्ट तीन पोलादी दोरांवर लटकते. एक तुटला तर बाकीचे दोन धरतात, हे सेक्रेटरी तुला सांगतील आणि ते खरं आहे. पण हे तिन्ही दोर एकाच दिवशी बसवलेले, एकाच चाकावरून फिरून एकसारखे झिजलेले आहेत. तिन्हींच्या पेडांतल्या तारा तुटून बाहेर आल्यात. हातमोजा फिरवला तर अडकतो. लिफ्ट घसरली तर रुळांना चावून ती थांबवणारी पकड खाली असते. ती गंजून बसली आहे. म्हणजे वरचं तुटलं तर खालचं धरणार नाही. नवे दोर कारखान्यात मापाने कापून मिळतात, त्याला वेळ लागतो. रोज फोन करते आहे.

तू ढकललेली सगळी मुलं वर आली, कारण पाणी माणसाला वर उचलतं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी नसतं.

आणि हे मनातून काढून टाक, की लिफ्ट चालू ठेवायच्या परवानगीवर सही करणं मला जड गेलं असतं. न करणं जड आहे. सही केली असती तर तू कौतुकाने जेवायला बोलावलं असतंस, आणि त्यानंतर रोज दोनदा तू त्या पेटीत बसली असतीस आणि मी कुठेतरी दुसऱ्या इमारतीत दुसऱ्या लिफ्टचे दोर बघत तुझाच विचार करत बसले असते.

सोय केली आहे. रुग्णवाहिकेची दोन माणसं उचलखुर्ची घेऊन सतरा तारखेपासून रोज अकरा वाजता येतील. तुला उतरवतील, आतोबांचं जेवण झालं की परत वर नेतील. दोघेही सरावलेले आहेत. तयार राहा.

लोभाचं नंतर बघू. आधी खाली उतर.

तुझी भाची


१९ मार्च

चि. तपासनीसबाईंस,
आशीर्वाद होते तेवढे सेक्रेटरींना दिले. शिल्लक नाहीत.

तुझी माणसं आली होती. मला पट्ट्यांनी बांधून, जिन्यावरून तिरकी करून नेणार म्हणे, आणि मजल्यामजल्यावर लोक दार किलकिलं करून बघणार. मी कपाट नाही. पायऱ्यांवरूनच परत पाठवलं.

काल त्यांना नळी घातली. मी बाल्कनीत होते. नर्सने पडदा ओढला, तेव्हा कळलं.

म्हणून आता जे केलं ते ऐक. सेक्रेटरी तुझ्या वरिष्ठांकडे अर्ज घेऊन गेले. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, पहिली माझी. अर्जात त्यांनी असंही घातलंय की तपासनीसबाई आमच्या नात्यातल्या असून घरगुती रागापोटी त्यांनी लिफ्ट बंद केली. ते खोटं आहे, मला माहीत आहे. वाचून सही केली. दुसऱ्या तपासनिसाने येऊन तात्पुरती परवानगी दिलीसुद्धा. सोमवारपासून लिफ्ट चालू होईल. बघ, सील तुटतं.

नोकरीवर बेतलं तर तुझ्या बापाशी मी बोलेन. माझा भाऊच आहे तो, मला ओळखतो.

आत्या


२१ मार्च

आत्या,
नमस्कार राहू दे. हे पत्र दाराखालून सरकवते आहे, कारण टपालाला वेळ नाही.

अर्जाबद्दल कार्यालयाने माझ्याकडे खुलासा मागितला. दिला. ते माझं मी बघेन, बाबांना मधे घालू नकोस.

तुझ्या त्या दुसऱ्या तपासनिसाबद्दल एकच गोष्ट. लिफ्ट चालू करायची कळ तळमजल्यावर आहे, पण दोर बघायचे तर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जावं लागतं. त्या खोलीला माझं कुलूप आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. ती कुणी मागितली नाही. म्हणजे त्याने तळमजल्यावर उभं राहून परवानगी दिली.

लिफ्टमध्ये बसू नकोस. कपाट म्हणून उतर, माझ्या नावाने शिव्या घालत उतर, मी घरगुती रागाने पेटलेली आहे असं मजल्यामजल्यावर सांगत उतर. खुर्चीवाले उद्याही येतील.

मला भीती वाटते. असं मी कधी लिहीत नाही. तू थांबावंस म्हणून मुद्दाम लिहिते आहे, आणि ते खरंही आहे. दोन्ही एकदम असू शकतं. त्या लेखकांना अकराव्या भागात एवढं सुचायला हवं होतं.

बसू नकोस.


२६ मार्च
शुश्रूषागृहातून

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद नाहीत, निरोप आहे.

बसले. तुझं पत्र वाचलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि बसले. खाली आले. काही झालं नाही. हे वाक्य दोनदा वाच. काही झालं नाही.

नळी काढायला लावली. मला बघून ह्यांनी आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. एवढे दिवस कुठे होतीस, हे त्यांना बोलून विचारता येत नाही, म्हणून पाठ दाखवून विचारलं. मी रस्त्यापलीकडची आमची बाल्कनी दाखवली, तुझ्या नावाने यथेच्छ बोलले. ते ऐकून वळले. मग खाल्लं, अर्धी वाटी सांडून का होईना.

आता पुढचं. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्टने गचका दिला. पायरी चुकल्यावर बसतो तसा. मग चालू लागली. मी दोन्ही हात भिंतींना लावून उभी होते आणि धरायला काही नव्हतं. स्वतःचं काही वाटलं नाही गं, पण मी गेले तर ह्यांच्या तोंडात चमचा कोण घालणार? पोरांना ढकलायचे तेव्हा खाली पाण्यात मी स्वतः उभी असायचे. हे मी तुला मागे लिहिलं नव्हतं.

म्हणून वर जायला मी त्यात बसणार नाही. नाचू नकोस. त्या दिवसापासून इथेच ह्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपते आहे. मोठी नर्स माझा दुस्वास करते, मी तिचा.

रागाबद्दलची ती ओळ खोटी होती असं मी तुझ्या कार्यालयाला लिहून दिलं आहे. तुझ्यासाठी नाही. दुसऱ्याच्या खोट्याखाली माझी सही बरी दिसत नाही.

अकरावा भाग मला अजून आवडतो. फक्त सील तोडल्यावर त्या पोरीने खालच्या थरात, त्या माणसांच्या शेजारी झोपायला जायला हवं होतं. मग मी तिसऱ्यांदा पाहिला असता.

बदलायचे कपडे आणि गुडघ्याचं मलम आणून दे. खालच्या टेबलावर ठेव. वर येऊ नकोस, मी अजून रागावलेली आहे.

आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. आतोबांनाही.

कपडे आणि मलम टेबलावर ठेवलं होतं, हे पत्रही तिथेच ठेवते आहे. वर आले नाही.

गचक्याचं तुझं पत्र कार्यालयात दाखवून लिफ्ट त्याच दिवशी पुन्हा बंद करवली होती. जुने दोर आज उतरवले. कसे निघाले ते लिहीत नाही. विचारलंस तर सांगेन. पकडही बदलली. तात्पुरती परवानगी देणाऱ्याची चौकशी लागली आहे आणि माझी बंद झाली आहे. तुझ्या त्या अर्जाचा राग मात्र गेलेला नाही, एवढ्यात जाईल असं वाटतही नाही. तू वाचून सही केलीस, हे मला समजतं, पण पचत नाही.

तपासनीस मुलीने खालच्या थरात जायला हवं होतं, हे तुझं म्हणणं मालिकेच्या लेखकांपेक्षा चांगलं आहे. मला ते सुचलं नव्हतं.

उद्या आतोबांचं जेवण उरकलं की इमारतीपाशी ये. रस्ता ओलांडायला नर्सचा हात घे, भांडण बाजूला ठेवून. मी तळमजल्यावर असेन. आधी मी एकटी पाचव्यापर्यंत जाऊन येईन. तू बाहेर बाकावर बसून बघ. मग दार धरून उभी राहीन. बसायचं की नाही ते तू ठरव. बसलीस तर मीही आत असेन.

लोभ आहे. वाढवायचा का, ते वर पोचल्यावर बोलू.

तुझी भाची