डॉकवरचं कुंकू

३ ऑक्टो. २००६
काल दसरा. आईने पाटावर विळी, शिवणयंत्र आणि माझा लॅपटॉप मांडला, तो ज्यात बसवतात त्या डॉकसकट. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आज लॅपटॉप डॉकमध्ये बसवला, तर डॉकला जोडलेला मोठा मॉनिटर काळा. 'आउट ऑफ रेंज' एवढंच आलं, मग तेही नाही. डॉकच्या दातांत कुंकू! आईवर ओरडलो. "हे काय देव आहे का?"
"तुझी भाकरी आहे ना ती," म्हणाली.

५ ऑक्टो.
रविवारी ताईच्या बाळाचं बारसं, अमेरिकेत. कॅमेऱ्यावर दाखवणार. आईचा मोतीबिंदू अजून पिकतोय. लॅपटॉपच्या पडद्यावर तिला माणूस की उशी कळत नाही. मोठा मॉनिटर हवाच. स्पिरिटने डॉक पुसला. लिनक्सची सेटिंगची फाईल बदलून बदलून थकलो. काळा तो काळाच. सिन्नरला ऑफिसात जोशी म्हणे, "विंडोज टाक नि मोकळा हो." मी बरा ऐकेन!

८ ऑक्टो., रविवार
बारसं झालं. लॅपटॉपवरच. आई अगदी पडद्याला नाक लावून.
"नाक थेट ह्यांचं," म्हणाली.
चित्र तेव्हा पाळण्याच्या झालरीवर अडकलं होतं. ताई तिकडे खूश.

११ ऑक्टो.
सापडलं. कुंकवाचा काही संबंध नव्हता. दसऱ्याच्या साफसफाईत टेबल खिडकीशी सरकवलं, तेव्हा मीच मॉनिटरला खोक्यातली जुनी लांब केबल लावली होती. तिच्यात काही पिनाच नाहीत. मॉनिटर आपलं माप त्या पिनांवरून सांगतो. माप कळलं नाही की लिनक्स अंदाजाने चित्र धाडतं, मॉनिटरला ते झेपत नाही. आधीची आखूड केबल लावली. लख्ख.
एक केबल बदलून बघायची होती. पण कुंकू दिसलं नि मला गुन्हेगार मिळाला. फार वाईट वाटतंय.
आईला सांगितलं. "झालं ना सुरू? बरं झालं." मेथी निवडत राहिली.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
केरसुणीला कुंकू, शिवणयंत्राला कुंकू, माझ्या स्कूटरलासुद्धा. लॅपटॉपला नाही. करंडा घेऊन तिच्यापुढे गेलो.
"नको रे बाबा, पुन्हा काही बिघडायचं."
शेवटी मीच बोट टेकवलं. पण ते तिच्या हातचं नव्हे.

२४ ऑक्टो., भाऊबीज
संध्याकाळी ताई कॅमेऱ्यावर. बाळ मोठ्या मॉनिटरभर, जावळ, मुठी, सगळं. आईसाठी खुर्ची मांडून ठेवलेली. हाक मारली. दोनदा.
स्वयंपाकघरातून म्हणाली, "तूच सांग कसा दिसतो ते. मी इथून ऐकते."
ताई विचारतेय, आई कुठंय?
सांगायला लागलो. कपाळ मोठं आहे, म्हटलं. जावळ दाट. नाक...
भांड्यांचा आवाज थांबलाय. अजून आलेली नाही.