रजिस्टरातला साहेब

बाबा,

जिवंतपणी तुम्हाला डॅडी म्हणावं लागलं. गल्लीतली सगळी पोरं बापाला बाबा म्हणायची, आपल्याच घरी डॅडी, कारण तुमचा आजा इंग्रज. लकडगंजच्या आरागिरणीत मुकादमी करायचे तुम्ही, पण जायचे साहेबाची टोपी घालून, आणि संध्याकाळी तिच्यावरचा लाकडाचा भुसा झटकायचं काम माझं. वरणभात काट्याने खायचे. वरण मिशीवरून गळायचं आणि धाकटी बहीण हसली तरी मार मला. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं आमच्या चर्चचे पाळक सांगतात. मी चाळीस वर्षं गप्प बसून पाहिलं, चांगलं काही आठवलं नाही.

बैठकीत त्या साहेबाचा फोटो होता. दाढीवाला, कोणाचं तरी देणं लागल्यासारखा खाली बघणारा. धाकटी गोरी निघाली, तर पाहुणे आले की तुम्ही तिला फोटोखाली उभी करून नाक जुळवून दाखवायचे. मी काळी. मला तेव्हा चहा करायला आत पाठवायचे. चौथीत मी वर्गात पहिली आले तो दिवस बघा. मी प्रगतिपुस्तक घेऊन स्वयंपाकघरात उभी आहे. आई लकवा मारून पलीकडे खाटेवर पडली आहे, सगळं ऐकते आहे, बोलता येत नाही. तुम्ही पुस्तक उघडलंही नाही. म्हणाले, "साहेबाचं रक्त तुह्यात उतरलंच नाही. काळ्या पोरीले शिकवून का मडम होते?" शाळा तिथे संपली. धाकटी कॉन्व्हेंटात गेली, मी आईचं हगणंमुतणं काढायला लागले. त्या नाताळात तिला बूट आणि पायमोजे आणले, मला पावडरचा डबा. चर्चला येताना लावत जा म्हणाले. राखेत लोळलेल्या गाढवासारखी दिसायचे मी, तरी दर रविवारी लावायचे. कारण तुमचं खरं मानलं होतं. रक्त उतरलं नाही म्हणजे माझ्यातच काही खोट असणार.

आता माझी नात घराण्याचा इतिहास शोधायला बसली आहे. साहेबापासून सुरुवात केली तिने. कॉम्प्युटरवर त्याचं इंग्लंडातलं गाव सापडलं, तिथल्या चर्चच्या वहीत त्याच्या बापाचा धंदाही सापडला. विणकर. हातमाग बंद पडून उपाशी मेलेल्या विणकराचं पोर ते, बाबा, आणि तुम्ही त्याच्या नावावर काटे-चमचे वापरले. रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करायला इकडे आला. दारू पीत नव्हता, गोऱ्यांच्या चर्चमध्ये फारसा बसत नव्हता. रविवारी इतवारीकडे कोष्ट्यांच्या, म्हणजे इथल्या विणकरांच्या गल्लीत जायचा, मागाच्या खड्ड्याशी मांडी घालून मोडक्या मराठीत बायबलचं शास्त्र वाचायचा. लोक आधी हसायचे, मग ऐकायला लागले. लग्न केलं नाही त्याने. लेकरू नाही.

मग तुमचे वडील कुठून आले? नातीने पाळकांना गळ घालून बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. तुमच्या वडिलांच्या नावापुढे बाप लिहिला आहे तो कोष्टी. साहेब त्याच्या पुढच्या रकान्यात आहे, धर्मपिता म्हणून, बाप्तिस्म्याला लेकराची हमी घेणारा. त्याच पानावर आणखी चार लेकरांचा धर्मपिता तोच. बाप्तिस्मा झाला की जातवाले त्या लोकांना वाळीत टाकायचे, घरचं नावही लावू द्यायचे नाहीत, म्हणून या माणसाने पाचही पोरांना आपलं आडनाव देऊन टाकलं. मागच्यांनी आडनाव पाहिलं आणि रक्त समजून बसले. नातीला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मी तिच्या फोनमधला त्या पानाचा फोटो छापून घेतला आणि धंतोलीला गेले.

धाकटी तिथे दवाखान्यात पडली आहे. खुबा मोडला आहे, हृदय दमलं आहे, डॉक्टर पोरांशी बाहेर नेऊन बोलतात. मी आनंदाने गेले, हे तुमच्यापासून काय लपवायचं. ती मरायच्या आत तिचा साहेब काढून घ्यायचा होता. सत्तर वर्षं तिने ते नाक वर करूनच माझ्याकडे पाहिलं. कागद तिच्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, हा आपला कोणी नाही, आपण कोष्ट्यांचे, तू पण.

तिने चष्मा लावला, सावकाश वाचलं. मग कॉन्व्हेंटची भाषा सोडून आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, "मले मालूम आहे वं. माह्या लग्नाच्या वेळी डॅडींनी सांगतलं. त्याईले पहिल्यापासून मालूम होतं."

मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू शाळेत गेली असती तं आईचं कोण करणार होतं? ते म्हणे, काळी म्हटलं का मोठी गप बसते."

मी तिची उशी सारखी केली, तिला दुखेल इतक्या जोराने, आणि घरी आले.

गोऱ्या कातडीपायी वेडा झालेला बाप मी समजून घेतला होता. त्याला शिव्या देऊन माझा जन्म गेला. पण तुम्ही वेडे नव्हते. तुम्हाला आईचं करायला पगारी बाई लावायची नव्हती. एवढं सरळ सांगितलं असतं तरी मी केलं असतं, आईच होती ती माझी. मग निदान आरशात पाहून तरी नसते रडले.

नात म्हणते, आजी, तुझ्या बापाबद्दल एक पान लिहून दे, इतिहासात घालते. त्यासाठीच बसले होते, तर हे लिहून झालं. हे तिला देणार नाही. तुमची लाज वाटते म्हणून नाही. ती जन्मली तेव्हा नर्सने माझ्या हातात दिली, आणि मी तिचं तोंड पाहायच्या आधी कानाच्या पाळ्या उलटून पाहिल्या, रंग कसा निघणार ते कळायला. सावळी निघणार हे दिसलं, आणि मी पोर लगेच तिच्या आईकडे परत दिली.